कुंभकोणचे एक विरहगीत

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोण हे नाव मराठी माणसाच्या कानाला परके नाही. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापन केली, आणि पुढे सुमारे सव्वाशे वर्षे हा सुपीक मुलूख त्या गादीच्या अमलाखाली होता. त्या काळात तिकडे गेलेली कितीतरी मराठी घराणी अद्यापि तेथे नांदत आहेत. जवळच्या गोविंदपुरम् येथे 2011 साली विठ्ठलरखुमाईचे भव्य मंदिर उभे राहिले असून तमिळ गायकांच्या कंठातून तेथे तुकोबांचे आणि नाथांचे अभंग ऐकू येतात. मराठी गाणे असे कावेरीकाठी रुजले. परंतु त्याच कावेरीकाठी जन्मलेले एक तमिळ गीत मात्र मराठी रसिकांना केवळ चालीवरून ठाऊक असते. त्याच्या अर्थापर्यंत फारसे कोणी जात नाही. त्या गीताचे नाव 'अलैपायुदे'.

कुंभकोणपासून थोड्याच अंतरावर ऊत्तुक्काडु नावाचे एक लहानसे खेडे आहे. भोवताली भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि कालव्यांचे पाणी. गावच्या देवळात कालियामर्दन कृष्णाची धातूची मूर्ती आहे. कृष्णाचा डावा पाय कालियाच्या फण्यावर टेकल्यासारखा दिसतो. परंतु पाय आणि फणा यांच्यामध्ये सुतभर अंतर आहे आणि मूर्तीचा सारा भार शेपटी धरलेल्या हातावर पडला आहे, असे पुजारी भाविकांस आवर्जून दाखवितात. याच गावी वेंकटकवी होऊन गेला. परंपरेने त्याचा काळ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या आसपासचा मानला आहे. म्हणजे तंजावरच्या गादीवर सरफोजी पहिले, तुकोजी आणि प्रतापसिंह हे राजे असतानाचा तो काळ होय. राजधानी इतकी जवळ असूनही हा कवी दरबारी गेला नाही. कोणी मनाजोगा गुरू लाभेना, तेव्हा त्याने देवळातल्या कृष्णालाच गुरू केले, अशी कथा गावकरी सांगतात. त्याची संस्कृत व तमिळ गीते घराण्यातच जपली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यास त्या घराण्यातील नीडामंगलम् कृष्णमूर्ती भागवतर यांनी ती आपल्या हरिकथांतून लोकांपुढे आणली, आणि पाहता पाहता 'अलैपायुदे' हे गीत मैफलींत, नृत्याच्या रंगमंचावर आणि घरोघरच्या शिकवणीत जाऊन पोहोचले.

या गीताचा विषय शब्दांत सांगावयाचा तर फार थोडक्यात सांगता येईल. कृष्णाची मुरली ऐकून एका गोपीचे मन खवळलेल्या पाण्यासारखे झाले आहे. ती उभी आहे ती मूर्तीसारखी. किती वेळ गेला याचे तिला भान नाही. निर्मळ चांदणे तिला भर दुपारच्या उन्हासारखे जाळते. मुरलीचा सूर ज्या दिशेने येतो तिकडे पाहता पाहता तिच्या भुवया आकसतात, वाऱ्यावरून तो सूर जवळ येतो आणि तिचे डोळे मिटू लागतात. एकेकाळी त्याने आपल्याला एकांतात जवळ घेतले होते, हे तिला आठवते. आणि मग एकाएकी तिचा स्वर बदलतो. आपण अशी हाक मारीत राहावे आणि त्याने इतर स्त्रियांबरोबर रमावे, हे योग्य आहे काय, ही रीत आहे काय, हा धर्म आहे काय, असे ती विचारते. उत्तर येत नाही. गीत पुन्हा आपल्या पहिल्या शब्दावर येऊन थांबते.

तो पहिला शब्द नीट समजून घेतला पाहिजे. तमिळ भाषेत 'अलै' म्हणजे लाट. पण याच शब्दाचे क्रियापद होते तेव्हा त्याचा अर्थ हेलकावणे, भटकणे, अस्वस्थ होऊन फिरणे असा होतो. आपल्याकडे मन हेलावते असे आपण म्हणतो, तेव्हा पाण्याचीच भाषा मनाला लावीत असतो. तमिळ शब्दात मात्र लाट आणि तळमळ यांची एकच गाठ पडली आहे. 'पायुदे' म्हणजे झेपावते, उसळून धावते. तेव्हा मन लाटेसारखे आहे एवढेच ती गोपी सांगत नाही. मनाचीच लाट होऊन ती धावत सुटली आहे, असे तिचे म्हणणे आहे.

ही लाट वेंकटकवीच्या मनात प्रथम उठली असे मात्र नव्हे. कुंभकोण नगरीत शार्ङ्गपाणीचे प्राचीन मंदिर आहे. त्या देवाला उद्देशून नम्माळवारांनी दहा कडव्यांचे एक पद रचले. प्रेमाने आपल्या देहाचे पाणी झाले, ते हलते, डचमळते आणि विरघळून जाते, असा त्याच्या आरंभीचा भाव आहे. आणि त्या हलण्यासाठी आळवारांनी जो शब्द वापरला तोही याच 'अलै' धातूपासून आलेला आहे. वैष्णव परंपरेत असे सांगतात की, हे दहा चरण काही यात्रेकरू गात असताना नाथमुनींच्या कानी पडले. हजार कडव्यांपैकी ही केवळ दहा आहेत हे कळताच ते उरलेल्यांच्या शोधास निघाले, आणि त्या शोधातून आळवारांचे चार हजार पद्यांचे भांडार पुन्हा हाती आले. कुंभकोणच्या परिसरात वाढलेल्या कवीच्या कानी हे पद बाळपणापासून पडत असणार. त्याने आळवारांची लाट उचलली आणि एका गोपीच्या ओंजळीत घातली.

या लाटेला आणखीही एक जुना संदर्भ आहे. संघकाळातील तमिळ कवींनी प्रेमाच्या निरनिराळ्या अवस्थांना निरनिराळ्या भूमी वाटून दिल्या होत्या. डोंगर ही मीलनाची भूमी; गोपाळांचे रान ही वाट पाहण्याची; समुद्रकिनारा ही तळमळीची; आणि नदीकाठची भातशेती ही रुसव्याची. प्रियकर दुसरीकडे रमल्यामुळे स्त्रीने जो रुसवा धरावा, त्याचे वर्णन नेहमी पाण्याने भरलेल्या खाचरांच्या प्रदेशात होई. त्या कवितेचे ग्रंथ काळाच्या ओघात विस्मृतप्राय झाले होते. ते पुन्हा उजेडात आणण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी 1880 ते 1903 या काळात कुंभकोणच्याच महाविद्यालयात अध्यापन केले. तेथील एका रसिक मुन्सफाने, सेलम रामस्वामी मुदलियार यांनी, अगदी आरंभीच्या दिवसांत त्यांना जुन्या काव्यांकडे वळविले, ही हकीकत स्वामिनाथ अय्यरांनी आपल्या आत्मचरित्रात कृतज्ञतेने सांगितली आहे.

या संकेतांच्या प्रकाशात 'अलैपायुदे'कडे पाहिले की त्याची रचना अधिक स्पष्ट होते. मुरली आणि गोपाळ हे वाट पाहण्याच्या रानातले. लाट ही तळमळीच्या किनाऱ्यावरची. आणि 'तू दुसऱ्यांबरोबर रमतोस' ही तक्रार भाताच्या खाचरांतली, म्हणजे कवीच्या स्वतःच्या गावच्या मातीतली. तीन भूमींतून चालत हे गीत अखेर घरी येते. मीलनाचा डोंगर तेवढा मागे राहतो. तो केवळ आठवणीत उरला आहे.

गोपीच्या दोन अवस्थांकडे येथे विशेष लक्ष द्यावे लागते. मन लाटेचे आहे आणि देह मूर्तीचा आहे. वरवर पाहता हा विरोध वाटेल. परंतु कवी ज्या प्रदेशात राहत होता तेथे मूर्ती म्हणजे काय हे प्रत्येकास ठाऊक असते. कुंभकोणला लागूनच स्वामिमलै आहे. तेथील स्थपती आधी मेणाची प्रतिमा घडवितात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचा लेप चढवितात, मेण तापवून काढून टाकतात आणि मोकळ्या झालेल्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. बाहेरून मातीचा गोळा स्तब्ध असतो. आत तापलेला रस फिरत असतो. मूर्तीसारखी उभी राहिलेली ही गोपी थंड दगडाची नाही. तिची स्तब्धता ही तापलेल्या धातूची आहे.

चांदण्याचेही तसेच. विरहिणीला चंद्र जाळतो, हा आपल्या काव्यातला जुनाच संकेत. ज्ञानदेवांच्या विराणीतही देवकीनंदनावाचून चांदणे आणि चंदन नकोसे होते. परंतु तेथे चांदणे निरर्थक होते, तर येथे त्याचा दिवस होतो, आणि हा फरक लहान नाही. रात्र ही चोरट्या प्रेमाचे पांघरूण असते. त्या रात्रीचाच भर दिवस झाला तर लपावयास जागा उरत नाही. आपले मन आता कोणापासूनही झाकून राहणार नाही, हे त्या प्रखर चांदण्यात तिला कळून चुकते. लाज गेल्यावर मग जे उरते, ते सरळ बोलणे होय. आणि पुढच्या चरणात ती सरळच बोलते.

आता या गीताच्या अर्थाविषयी जो वाद आहे त्याकडे वळावे. एक पक्ष म्हणतो, ही गोपी म्हणजे जीवात्मा, मुरली म्हणजे परमात्म्याची हाक, तेव्हा येथे देहाचा प्रश्नच नाही. दुसरा पक्ष म्हणतो, देवाचे नाव हे निमित्त. हे स्त्रीपुरुषांच्या उत्कट प्रेमाचे गाणे आहे. चित्रपटाने या दुसऱ्या पक्षाला बळ दिले. 2000 साली मणिरत्नम यांनी आपल्या चित्रपटाला याच गीताचे नाव दिले आणि ए. आर. रहमान यांच्या संगीतात ते गीतही त्यात आले. घरच्यांना न कळविता विवाह केलेल्या एका तरुण जोडप्याची ती कथा. पुढे 2002 मध्ये 'साथिया' या नावाने ती हिंदीत आली आणि देशभर पोहोचली.

हा वाद केवळ पंडितांच्या चर्चेपुरता कधीच नव्हता. प्रतापसिंहाच्या तंजावर दरबारातील मुद्दुपळनी या विदुषी गणिकेने तेलुगूत 'राधिकासांत्वनम्' हे काव्य लिहिले. त्यातही कृष्ण दुसरीत रमला आहे आणि राधा संतापली आहे. 1910 साली बंगळूर नागरत्नम्मा यांनी ते काव्य संपादून प्रसिद्ध केले, आणि 1911 मध्ये सरकारने ते अश्लील ठरवून जप्त केले. बंदी उठण्यास तीन तपे लागली. नृत्याच्या क्षेत्रातही हाच प्रश्न उभा राहिला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी नृत्याला नवी प्रतिष्ठा मिळवून देताना भक्तीला अग्रस्थान दिले आणि शृंगाराला मर्यादा घातली. तंजावर दरबाराशी नाते सांगणाऱ्या घराण्यातील बालसरस्वती यांना ते मान्य नव्हते. शृंगार हाच या कलेचा श्रेष्ठ रस आहे, त्याला धुऊन काढण्याची आवश्यकता नाही, असे त्या अखेरपर्यंत सांगत राहिल्या. ज्यांच्या आज्यापणज्यांनी ही पदे जिवंत ठेवली, त्या स्त्रियांनाच अपवित्र ठरविले जात असताना, एखाद्या प्रेमगीताचा अर्थ 'शुद्ध' करून सांगणे ही निरुपद्रवी गोष्ट राहत नाही.

मात्र या वादाचा निवाडा बाहेरून आणण्याचे कारण नाही. गीतातच तो आहे. ती गोपी जो प्रश्न विचारते त्याकडे पाहावे. ती केवळ आत्मा असती आणि तो केवळ परमात्मा असता, तर जाब विचारण्याचा अधिकार तिला कोठून येता? सर्व जीव ज्याचे, त्याने अमुक एकीकडेच यावे हा आग्रह अध्यात्मात बसत नाही. उलट, हा केवळ देहाचा दाह असता, तर मत्सर पुरेसा होता. धर्माचे नाव घेण्याचे कारण नव्हते. परंतु ती मत्सराने कोणा सवतीला शिव्याशाप देत नाही. ती थेट त्याला विचारते, आणि योग्यायोग्य, रीत, धर्म अशा तीन पायऱ्यांनी विचारते. सामान्य औचित्यापासून आरंभ करून ती सर्वांत वरच्या न्यायासनापर्यंत जाते. तिची भावना अनावर झाली आहे खरी. पण तिची बुद्धी बुडालेली नाही. ज्याने धर्माच्या रक्षणासाठी अवतार घेतला म्हणून सारे जग सांगते, त्याच्याकडेच ती धर्माची दाद मागते आहे.

मराठी श्रोत्याला हे वेगळेपण एका तुलनेने चटकन उमगेल. एकनाथांच्या एका प्रसिद्ध गवळणीत वाऱ्याने राधेचे कुंडल हलते. तिला पाहून हरी असा भुलतो की बैलाचीच धार काढावयास बसतो. आणि हरीला पाहून राधा अशी भुलते की रिकाम्या डेऱ्यात रवी फिरविते. दोघांचेही भान सारखेच हरपते. म्हणूनच त्या गवळणीत हसू आहे आणि अखेर मनाला मन मिळते. तेथे तक्रारीला जागाच नाही, कारण हिशेब बरोबरीचा आहे. 'अलैपायुदे'मध्ये तो बरोबरीचा नाही. गोपी वेळ विसरली, लाज विसरली, स्वतःला विसरली. कृष्ण मात्र आपली मुरली विसरला नाही. एक सर्वस्व देऊन बसली आहे आणि दुसरा वाजवीत राहिला आहे. प्रेमात जेव्हा अशी विषमता येते, तेव्हा ज्याचे अधिक गेले त्याच्या तोंडी न्यायाचा प्रश्न येतो. हा प्रश्न देवापुढे जितका खरा, तितकाच कोणत्याही घराच्या उंबऱ्यावर खरा. साऱ्या परंपरेत असा प्रश्न उच्चारण्याची मुभा स्त्रीला फार थोड्या ठिकाणी मिळाली. तमिळ गीताने ती दिली, तीही देवळाच्या ओसरीवर गाता येईल अशा शब्दांत.

संगीताचे अंगही या अर्थाला धरूनच आहे. गीत कर्नाटक पद्धतीच्या कानडा रागात बांधले असून त्याचा ताल आदि आहे. आपल्याकडचा दरबारी कानडा तो हा नव्हे. दरबारीतला धैवत कोमल, तर कर्नाटक कानड्यातला शुद्ध आहे. परंतु कोमल गांधारावर रेंगाळत घेतलेले आंदोलन या दोन्ही रागांचा प्राण होय. तो गांधार एका जागी स्थिर राहत नाही. संथपणे हेलावत राहतो. 'मन लाट झाले' हे शब्द सांगतात आणि ते कसे झाले हे गांधार दाखवितो. चरणाच्या उत्तरार्धात, आठवणीपासून तक्रारीकडे येताना, शब्दांची गती वाढते. जणू इतका वेळ अडवून धरलेले बोलणे एका दमात बाहेर पडते. अनेक गायक हा भाग केवळ लयीच्या गंमतीसाठी भरभर म्हणतात. पण जो गायक धर्माच्या प्रश्नापाशी क्षणभर रेंगाळतो, त्याच्या गाण्यात हे गीत खरे उभे राहते.

गीताच्या शेवटी एक उपमा आहे. मुरली वाजविताना कृष्णाच्या कानांतली कुंडले डोलतात; त्या कुंडलांसारखे आपले मन हिंदकळत आहे, असे गोपी म्हणते. बहुतेक रसिक या उपमेतली हालचाल पाहतात आणि पुढे जातात. पण कुंडलाचे स्थान कोणते, हेही पाहावयास हवे. एकनाथांच्या गवळणीत कुंडल राधेच्या कानी होते. येथे ते कृष्णाच्या कानी आहे. जी इतका वेळ दूर उभी होती, वाऱ्यावरून येणाऱ्या सुराकडे डोळे लावून बसली होती, तिने आपले मन अखेर नेऊन ठेवले ते त्याच्या कानापाशी. तो बोलत नाही, येत नाही, प्रश्नाचे उत्तर देत नाही. परंतु जोपर्यंत तो मुरली वाजवील, तोपर्यंत ते कुंडल डोलत राहणार; आणि जोपर्यंत ते डोलत राहील, तोपर्यंत तिची तक्रार त्याच्या कानाला लागूनच राहणार.